कस्तुरीचा सोमवार

६ जानेवारी, सोमवार

लिहायला बसले आणि दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगीचच. ही डायरी सोमेशने आणून दिली. म्हणाला, "आई, दिवसभर जी बडबड करतीस ती हिच्यात कर, आमच्या कानाला जरा सुट्टी." पोटचा पोरगा आहे म्हणून ऐकून घेतलं.

तर आजची बडबड. कस्तुरीने आजही दाण्यांना तोंड लावलं नाही. कस्तुरी म्हणजे आमची पर्शियन मांजर. पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची, कायम रुसल्यासारखी. सोमेशचं लग्न ठरलं तेव्हा त्याने हैदराबादहून दोन भावंडं आणली. बोका सासुरवाडीला मुदखेडला दिला, ही आमच्याकडे लातूरला ठेवली. लोक अंगठी देतात, आमच्या चिरंजीवांनी बोका दिला.

हिच्या पाकिटातले दाणे मासळीचे असतात. अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे कुणी सांगितलेलं नाही. आमचं लिंगायताचं घर, अंडंसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलं नाही. दाणे दिसायला बिस्किटासारखे, म्हणून चालून गेलं. पण हल्ली गंमतच बघून राहिलोय आम्ही. कस्तुरी वाटीकडे धावत जाते, दाणा तोंडात घेते, मान वाकडी करते आणि टाकून देते. मग पंजा उचलून स्वतःच्या गालावर मारून घेते. देवळात आपण चूक झाली म्हणून गालावर मारतो, अगदी तसं. आणि अव्वांनी लिंगपूजा झाल्यावर दूधभात ठेवला की डोळे मिटून चाटते.

"मंजू, हिला समदं कळतंय," अव्वा आज म्हणाल्या. "मागल्या जल्मीची कुणी शरण हाय ही. सोमवार पाळून राहिली बघ."

शरण म्हणजे आमच्यातले शिवभक्त संत. मी हसले. पण मग दिवसभर तेच डोक्यात. खरंच असलं तर?

१४ जानेवारी, मंगळवार

तनुजाची, आमच्या सुनेची, पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, पोरगी चित्रासारखी दिसली. ब्लाऊज मात्र सैल झाला होता, टाचण्या लावून भागवलं. मुळातच बारीक अंगाची असावी.

हे लग्न ठरलं तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते, ते इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मराठ्याची पोरगी, मटण-मासळीच्या घरातली. सोमेश नांदेडला कॉलेजात असताना दोघांचं जमलं. मला वाटलं, आता आमच्या चुलीचं काय होणार? पण सून गुणाची निघाली. आल्यापासून अंड्याचंही नाव काढलेलं नाही. काही मागत नाही, रुसत नाही. ताटात येईल ते खाते आणि उठते. शेजारणी विचारतात तेव्हा मी मान ताठ करून सांगते, आमच्या घरात आली आणि सहज रुळली.

ह्यांना सणाचंही सुख नाही. बाजारात तुरीची आवक सुरू, आडतीवरून दुपारी आले, पोळी खाल्ली, परत गेले.

१७ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकू झालं. पाय मोडले माझे, पण बसवत नाहीये, म्हणून उभ्यानेच ओट्यावर ठेवून लिहितेय.

बायका वाण घ्यायला कमी आणि कस्तुरीला बघायला जास्त आल्या. अव्वांनी सगळ्यांदेखत दोन वाट्या ठेवल्या, एकीत दाणे, एकीत दूधभात. कस्तुरीने दाणा उचलला, टाकला, गालावर मारून घेतलं आणि दूधभाताकडे वळली. बायकांनी हात जोडले! आमच्या महिला मंडळाच्या लक्ष्मम्मा तर गहिवरल्या, अव्वांचा हात धरून म्हणाल्या, "गंगम्मा, हिच्या पोटचं मला पायजेच. जातिवंत शाकाहारी पिल्लू. रगतातच असतंय हे."

मग एकच गलका. मला एक, माझ्या नणंदेला एक. लक्ष्मम्मांच्या भाच्याकडे उदगीरला पर्शियन बोका आहे, शिवरात्र झाली की त्याला आणायचं ठरलं. मांजराला एका वेळी किती पिल्लं होतात देव जाणे, मी मात्र आज सगळी वाटून मोकळी झाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच.

खोटं कशाला बोलू, छान वाटलं. तीस वर्षं ह्या गल्लीत राहतेय, आडतवाल्याची बायको यापलीकडे मला कुणी ओळखलं नव्हतं. आता लोक माझ्या दाराशी थांबून विचारतात.

२५ जानेवारी, शनिवार

आज सगळं बिघडलं. किंवा काहीच बिघडलेलं नाही. मला ठरवता येत नाहीये.

दुपारी मी डबे घासत होते. तनुजा कस्तुरीला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. तिने हाक मारली, "आई, जरा इकडं या." तिने अंगठ्याने मांजरीचा ओठ वर केला आणि मी हातातला डबा खाली ठेवला.

पांढऱ्याशुभ्र मांजरीचे दात असे? पिवळे, मध्येच तपकिरी, खडबडीत, बारीक खड्डे पडलेले. एका सुळ्याचं टोक उडालेलं. हिरड्यांना लाल कड. तोंडाला वासही होता. एकही दात धड नाही.

"बोअरचं पाणी," मी लगेच म्हटलं. माझं माहेर चाकूरकडचं. तिथे बोअरच्या पाण्याने माणसांचे दात पिवळे पडलेले मी लहानपणापासून बघितलेत. हळद खाल्ल्यासारखे दात, आणि सगळे ठणठणीत.

"आई, तिला दुखत असंल."

"दुखलं असतं तर ओरडली नसती का?"

"सगळेच कुठं ओरडतात," ती म्हणाली आणि मांजरीला घेऊन आत गेली.

ही पोरगी चार दिवसांतून एकदा बोलते आणि तेही असं. मी बाकीचे डबे घासले. घासलेले पुन्हा घासले.

२७ जानेवारी, सोमवार

कालपासून कस्तुरीला फिल्टरचं पाणी. आम्ही माणसं बोअरचं पितो आणि मांजर फिल्टरचं. हा प्रकार बघून हे गप्प बसले, म्हणजे रागावलेत.

पण पाण्याचा हिशोब जुळेना. मागच्या बोळातला तो काळा भटका बोका आमच्याच हौदातलं बोअरचं पाणी पितो, जन्मल्यापासून. आज भिंतीवर बसून जांभई देत होता. मी स्टूल घेऊन चढले आणि त्याच्या तोंडात बघितलं. दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. त्याने माझ्यावर फिस केलं, मी स्टुलावरून उतरले, एवढंच. गल्लीतल्या कुणी बघितलं नसावं.

तनुजाने मुदखेडला आईला फोन करून भुऱ्याचे दात बघायला सांगितले. भुऱ्या म्हणजे कस्तुरीचा भाऊ. त्याचेही तसेच.

मी म्हटलं, "तिथं मटण खात असंल, त्यानं झालं."

"मटणानं बी तसेच आन दूधभातानं बी तसेच?" तनुजा म्हणाली.

मी तिच्यावर भाजीत मीठ जास्त पडल्याबद्दल ओरडले. भाजी मीच केली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

मुदखेडला जाऊन, नांदेड करून आलो. अव्वांना सांगितलं, तनुजाच्या आईला बरं नाही. आजारी पाडलं बिचारीला.

विहीणबाई चतुराबाई दारात उभ्याच होत्या, चांगल्या खणखणीत. आमच्यासाठी वेगळ्या भांड्यांत वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. मला आणि सोमेशला ओसरीवर वाढलं. तनुजा आईबरोबर आत जेवली. आतून हसण्याचे आवाज येत होते. मला आधी वाटलं कुणी शेजारीण आली असेल. मग कळलं, तनुजाच हसतेय. माहेर म्हणजे माहेरच. बराच वेळ जेवत होती.

भुऱ्याला पिंजऱ्यात घातलं आणि दोघांना घेऊन नांदेडला प्राण्यांच्या डॉक्टर पुनम यांच्याकडे गेलो. तरुण मुलगी आहे, बोलणं स्वच्छ. कापसाने एका दातावर थंड पाणी लावलं तर कस्तुरीचा जबडा थरथरला आणि तिने पंजा गालावर मारला.

"हे ती नेहमी करते?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते ती माफी मागते," मी म्हटलं. म्हटल्याबरोबर मला माझंच ऐकू आलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. दातावर एक टणक कवच असतं, इनॅमल. ह्या दोघांच्या दातांवर ते नीट तयारच झालेलं नाही. त्यामुळे आतला मऊ भाग उघडा पडतो, थंड-गरम झोंबतं, टणक चावलं की कळ जाते, दात तुटतो, खरबरीत असल्याने घाण साठून हिरड्या सुजतात. पिल्लू असताना मोठा ताप आला किंवा तोंडाला मार लागला तरी असं होतं, पण मग बहुधा काही दात बिघडतात, काही चांगले राहतात. इथे सगळे, आणि दोन्ही भावंडांचे. एकाचं पाणी वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. एकाचा खुराक वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. "ह्यांच्या आईबापाचे दात कुणी बघितलेत?"

सोमेशने तिथूनच हैदराबादला फोन लावला. विकणारा म्हणाला, आईचे थोडे पिवळे आहेत, पण त्या जातीत असतातच. शिवाय आईबाप एकाच घरातली भावंडं.

"शंभर टक्के सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण मी हे रक्तातून आलेलंच धरून चालेन. हिची पिल्लं होऊ देऊ नका. दातांचे एक्स-रे काढू, ज्यांची मुळं खराब आहेत ते दात काढू, बाकीच्यांवर लेप लावू. तब्येत भरली की पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया. नंतर मऊ ब्रशने दात घासायचे, माणसांची पेस्ट अजिबात नाही."

मग विचारलं, खाते काय. मी सांगितलं, दूधभात.

"फक्त दूधभात?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मांजराला मांस लागतंच. हौस म्हणून नाही, तिचं शरीरच तसं बनलंय. नाहीतर डोळे जातात, हृदय जातं. वजन बघा हिचं, ह्या वयाला हे काहीच नाही. दात काढल्यावर मऊ मांसाचं खाणं मिळालं नाही तर मी ऑपरेशन करून उपयोग नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिचं लिव्हर बिघडतं."

परत निघालो. तनुजा मागच्या सीटवर पिंजऱ्याच्या जाळीतून बोट घालून बसली होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

अव्वांनी दूधभात ठेवला. कस्तुरीने चाटला. अव्वा म्हणाल्या, शरण हाय गं माझी. मी अंगणात गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा धुतले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दात स्वच्छ करायला नेतो म्हणायचं, खाणं चोरून द्यायचं, पिल्लांचं हळूहळू विसरायला लावायचं. माझ्या पोटात कुठे काही राहतंय.

लक्ष्मम्मा आज भाच्यालाच घेऊन आल्या. बोका तयार आहे, शिवरात्रीची वाट कशाला, आता मुहूर्त बघू. अव्वा खुशीत. पिल्लांची नावंसुद्धा निघाली. पाहुण्यांचे दोन कप देऊन मी अव्वांचा चहा गाळत होते. गाळता गाळताच ओरडले, "पिल्लं व्हायची न्हाईत! तिच्या रक्तात सोमवार न्हाई, तिचे दात सडलेत!"

मग मी सगळं सांगितलं, भराभर, अर्धं उलटसुलट. दाणे मासळीचे आहेत हेही सांगून टाकलं. लक्ष्मम्मा कपातला चहा तसाच ठेवून उठल्या. जाताना म्हणाल्या, "आम्ही हात जोडले व्हते गं." भाच्याला चहा आवडला असावा, त्याने संपवला.

अव्वांनी फक्त एक विचारलं. "मग ती गालावर मारून घ्यायची, ते?"

"कळ जायची, अव्वा."

त्या उठून आत गेल्या आणि लिंगपूजेच्या पाटावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवायला आल्या नाहीत. संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "न्या तिला दवाखान्यात. पर मांस माझ्या घरात यायचं न्हाई."

हे म्हणाले, "आई म्हणती तेच." म्हणजे दात काढायचे आणि नंतर काय खायला घालायचं ते कुणी बोलायचं नाही. माझं डोकं गरगरतंय. माझ्या मिरवण्यापायी एका मुक्या जनावराला मी उपाशी मारलं, आणि वर लोकांना बोलावून ते दाखवलं. लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल नांदेडला ऑपरेशन झालं. बरेच दात काढावे लागले, मागचे जवळजवळ सगळे. चार दातांवर लेप बसला. भुऱ्याचा नंबर पुढच्या महिन्यात, चतुराबाईंनी तारीख घेतली. रात्रीच परतलो. कस्तुरी टॉवेलात गुंडाळलेली, जीभ थोडी बाहेर. तनुजाने वाटभर तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आज अव्वांनी कोमट दूधभात केला, मऊ, बोटाने कुस्करून. कस्तुरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. दूध नाही, पाणी नाही. अव्वा वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरल्या. "खा की गं. खा की माझे बाई." मी कधी अव्वांना कुणाला विनवताना ऐकलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कस्तुरीने काहीच खाल्लेलं नाही. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्यापर्यंत खायला लागली नाही तर घेऊन या, नळी घालावी लागेल. मी जिना चढतेय, उतरतेय. वर काय काम होतं ते वर गेल्यावर आठवत नाही.

सोमेश दुकानातून मऊ खाण्याची पाकिटं घेऊन आला, गाडीच्या डिकीत लपवून, जसा काही गांजा आणलाय. ते उघडायचं कुठे, कुणी, कोणत्या चमच्याने? आम्ही दोघं मायलेक पाकीट हातात धरून अंगणात उभे. मी तर हात पदराखाली घेतले. हाताला लागेल म्हणून सोमेशनेही ते भिंतीवर ठेवून दिलं.

तनुजा बाहेर आली. आमच्याकडे बघितलं, पाकीट उचललं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. कस्तुरीने ते हुंगलं, पण खाल्लं नाही. तनुजा म्हणाली, "गरम पायजे तिला. ताजं." मग सोमेशला म्हणाली, "चिकन आन. थोडंसंच. शेडात उकडते." माझं न बोलणं म्हणजे हो, हे तिला कळलं असावं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवा आणि काल दोन-दोन चमचे पोटात गेले, दवाखान्यात न्यावं लागलं नाही. आज सकाळी मी शेडच्या पायरीवर उभी होते, पदर नाकाला लावून. आत तनुजा जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढे जुनी शेगडी, एका ताटलीत उकडून अगदी बारीक कुस्करलेलं चिकन, वर त्याचंच पाणी. तिने बोटावर घेऊन कस्तुरीच्या नाकाशी धरलं. कस्तुरीने चाटलं. मग ताटलीतच तोंड घातलं. खाताना घशातून गुरगुरत होती, कुणी हिसकावून घेईल अशी. पाय मागे ताणलेले, मान हलत नाही. गालावर पंजा एकदाही गेला नाही. मला रडूच फुटलं.

मागे काठीचा आवाज आला. अव्वा. पूजा करून तशाच आल्या होत्या, कपाळावर विभूती ओली. आज सोमवार आहे हे मला तेव्हा आठवलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार.

अव्वा शेडच्या आत गेल्या. वासाने एकदा तोंड वळवलं, परत सरळ केलं. मांजर खात होती ते बघत राहिल्या.

"येवढी भुकेली व्हती," त्या म्हणाल्या. "आन मी तिचे गुण गात बसले."

मग अव्वांची नजर कस्तुरीवरून वर सरकली, तनुजाच्या हातावर आली. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मग चेहऱ्यावर. मी रोज तो चेहरा बघते. अव्वांना डोळ्यांनी नीट दिसतही नाही.

"ती मुकी व्हती," अव्वा म्हणाल्या. "तुला तर तोंड हाय की गं. तू का बोलली न्हाईस?"

तनुजाने मान खाली घातली. बोटावरचं चिकन तसंच होतं. "कुणी इचारलंच न्हाई, अव्वा."

अव्वा वळून शेडच्या दारात आल्या. मग सोमेशला हाक मारली. "उद्या हिला मुदखेडला सोड, मांजर बी संगं दे. पंधरा दिस ऱ्हाऊ दे. पोटभर खाऊन येऊ दे. आन दर महिन्याला सोडायचं." तनुजाला म्हणाल्या, "आल्यावर मला सांगू नगंस काय खाल्लंस. आंघूळ कर आन ये." आणि काठी टेकत पूजेच्या खोलीकडे गेल्या.

मी पायरीवरच बसले. बसवत नाही म्हणणारी मी, किती वेळ बसले कळलं नाही. गुणाची, सहज रुळली, काही मागत नाही. गल्लीभर हेच सांगत फिरत होते. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. माफी कशी मागायची तेही सुचेना, सासूने सुनेची मागितलेली मी कुठे बघितलीच नाही.

शेवटी विचारलं, "तुला काय आवडतं गं, खायला?"

तिने आधी माझ्याकडे बघून घेतलं, खरंच विचारतेय का म्हणून. मग म्हणाली, "चिलापीचं कालवण. आई करते तसं."

"चिलापी म्हंजी?"

"मासा असतो, आई. धरणात सापडतो." तिने हात धुतले आणि बोटांनी दाखवलं केवढा ते. त्याचे काटे कसे असतात, खवले कसे काढायचे, चिंच किती घालायची, तिचा भाऊ लहानपणी डोकं कुणाला मिळणार यावरून कसा भांडायचा, सगळं सांगायला लागली. हात हलवून सांगत होती. मला अर्धं समजत नव्हतं आणि पदरही अजून नाकालाच होता. पण मी मध्ये एक शब्द बोलले नाही.